केनियातील लांब पल्ल्याच्या धावपटूंचे निवृत्तीनंतरचे जीवन

पूर्व आफ्रिकेतील केनिया या देशात लांब पल्ल्याचे धावणे हा केवळ खेळ नसून उपजीविकेचा एक मान्य मार्ग आहे. ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीपासून (स्टीपलचेस) मॅरेथॉनपर्यंतच्या शर्यतींत या देशाच्या धावपटूंनी १९६० च्या दशकापासून सातत्याने यश मिळवले आहे. व्यावसायिक धावपटूची कारकीर्द साधारणतः पस्तिशीच्या आसपास संपते. त्यानंतरचे आयुष्य कारकिर्दीपेक्षा कितीतरी दीर्घ असते आणि ते बहुतांशी स्पर्धांच्या काळात केलेल्या तरतुदीवर अवलंबून राहते. किपचोगे केनो, टेग्ला लोरूपे, पॉल टर्गाट यांसारख्या धावपटूंनी निवृत्तीनंतर सार्वजनिक जीवनात मोठे काम उभे केले, तर हेन्री रोनो यांच्यासारख्या विश्वविक्रमवीराला बेघरपणाला सामोरे जावे लागले. या दोन टोकांमधील फरक केवळ मिळवलेल्या रकमेने स्पष्ट होत नाही. शिक्षण, स्थिर नोकरी, स्वतःच्या नावावरील जमीन आणि विश्वासाची माणसे यांचा त्यात निर्णायक वाटा असतो.

पार्श्वभूमी

केनियाचे बहुसंख्य नामवंत धावपटू ग्रेट रिफ्ट खोऱ्यालगतच्या उंच पठारावरील कालेनजिन समाजगटांतून आले आहेत. एल्डोरेट हे या भागातील प्रमुख शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर, तर सराव केंद्र म्हणून जगप्रसिद्ध असलेले इतेन हे गाव सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. मका, गहू व चहा यांची शेती आणि दुभती जनावरे हा येथील अर्थव्यवस्थेचा पाया आहे. धावपटूंच्या निवृत्तीचा विचार या कृषिप्रधान समाजापासून वेगळा करता येत नाही, कारण त्यांतील बहुतेक जण शेतीतून येतात आणि शेतीकडेच परततात.

१९६८ साली मेक्सिको सिटी येथील ऑलिंपिकमध्ये नफ्ताली टेमू यांनी १०,००० मीटर शर्यत जिंकून देशाला पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्या काळी ऑलिंपिकमध्ये भाग घेणाऱ्यांना हौशी खेळाडूंचे नियम लागू होते व धावण्याबद्दल उघडपणे पैसे घेण्यास मनाई होती. टेमू सैन्यात होते, तर त्यांचे समकालीन केनो पोलीस दलात शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षक होते. धावणे थांबले तरी पगार थांबत नसे. म्हणूनच या पिढीला कारकीर्द संपताना उत्पन्नात एकाएकी मोठी घट सोसावी लागली नाही. पैसे घेऊन धावायचे असल्यास ऑलिंपिकवर पाणी सोडावे लागे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर केनो यांनी हाच निर्णय घेतला आणि अमेरिकेत सुरू झालेल्या व्यावसायिक शर्यतींच्या मालिकेत प्रवेश केला. ती मालिका काही वर्षांतच बंद पडली.

१९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने खेळाडूंना विश्वस्त निधीच्या मार्गाने कमाई ठेवण्याची मुभा दिली. १९८६ पासून बॉस्टन मॅरेथॉनमध्ये रोख बक्षिसे देण्यास सुरुवात झाली आणि १९९७ पासून जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतही बक्षिसाची रक्कम मिळू लागली. या बदलांमुळे धावणे हा खऱ्या अर्थाने व्यवसाय झाला. त्याचबरोबर, नोकरी न करता केवळ धावण्यावर जगणारा धावपटूंचा एक नवा वर्गही निर्माण झाला. निवृत्तीचा प्रश्न आजच्या स्वरूपात उभा राहिला तो या वर्गापुढे.

कारकिर्दीचा शेवट

नोकरदाराच्या निवृत्तीला जशी ठरलेली तारीख असते, तशी धावपटूच्या निवृत्तीला क्वचितच असते. मोजके नामवंत धावपटू निवृत्ती जाहीर करतात. इतरांच्या बाबतीत दुखापत लांबते, वेळ मंदावत जाते, व्यवस्थापकाकडून परदेशी शर्यतींची निमंत्रणे येईनाशी होतात आणि एखाद्या हंगामानंतर सराव थांबतो. ‘पुढच्या हंगामात पुन्हा जमेल’ या आशेवर काहींची अनेक वर्षे जातात. या संधिकाळात उत्पन्न थांबलेले असते, मात्र सरावाचा व उपचारांचा खर्च चालू राहतो.

मैदानी शर्यतींतून रस्त्यावरील शर्यतींकडे वळणे हा कारकीर्द लांबवण्याचा रूढ मार्ग आहे. टर्गाट यांनी १९९६ व २००० च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटरचे रौप्यपदक मिळवल्यावर मॅरेथॉनकडे लक्ष वळवले आणि २००३ मध्ये बर्लिन येथे २ तास ४ मिनिटे ५५ सेकंदांचा विश्वविक्रम केला. एलियुड किपचोगे यांना २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी केनियाच्या संघात स्थान मिळाले नाही. पुढच्याच वर्षी ते मॅरेथॉनमध्ये उतरले आणि त्यानंतर त्यांनी या शर्यतीची दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. मैदानावरील कारकिर्दीचा अंत हा त्यांच्या बाबतीत अधिक यशस्वी अशा दुसऱ्या कारकिर्दीचा आरंभ ठरला.

उत्तेजक द्रव्यांच्या सेवनाबद्दल होणारी बंदी हा सक्तीच्या निवृत्तीचा एक प्रकार आहे. गेल्या दशकात केनियाच्या अनेक धावपटूंवर अशी कारवाई झाली. २०१६ मध्ये देशात उत्तेजकविरोधी स्वतंत्र संस्था स्थापन करण्यात आली. बंदी आलेल्या धावपटूचे उत्पन्न व प्रतिष्ठा ही दोन्ही एकाच दिवशी जातात. त्यामुळे प्रशिक्षक किंवा संघटक म्हणून पुन्हा उभे राहणेही त्याला कठीण होते.

उत्पन्नाचे स्वरूप

जगातील काही मोठ्या मॅरेथॉन स्पर्धांत पहिल्या क्रमांकाला एक लाख अमेरिकी डॉलर किंवा त्याहून अधिक बक्षीस मिळते. शिवाय नामवंतांना सहभागाचे मानधन आणि बूट तयार करणाऱ्या कंपन्यांचे करार असतात. मात्र जाहीर झालेली रक्कम जशीच्या तशी धावपटूच्या हाती पडत नाही. ज्या देशात शर्यत झाली तेथील कर वजा होतो, व्यवस्थापकाचा हिस्सा (सामान्यतः १५ टक्के) जातो आणि उत्तेजक चाचणीचा अहवाल येईपर्यंत रक्कम अडकून राहते. मॅरेथॉनसारखी शर्यत वर्षातून दोन-तीनदाच पूर्ण ताकदीने धावता येते. एक दुखापत म्हणजे अर्ध्या वर्षाचे उत्पन्न गमावणे होय.

दुय्यम श्रेणीच्या धावपटूंची कमाई याहून पुष्कळच कमी असते. इतरांना विशिष्ट वेगाने नेण्यासाठी काही अंतर पुढे धावणारे वेगदर्शक (पेसमेकर) आणि मध्यम दर्जाच्या शर्यतींत बक्षिसे मिळवणारे धावपटू यांची संख्या मोठी आहे. आशिया व युरोपातील अनेक शहरी शर्यती त्यांच्या उपजीविकेचे साधन आहेत. महाराष्ट्रातील मुंबई मॅरेथॉन व पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन या स्पर्धांतही केनिया व इथिओपियाचे धावपटू नियमितपणे भाग घेतात आणि विजेत्यांत त्यांचा समावेश असतो.

मिळणाऱ्या पैशावर एकट्या धावपटूचा हक्क आहे असे समाज मानत नाही. भावंडांचे शालेय शुल्क, आजारपणे, लग्नकार्ये आणि गावातील सार्वजनिक वर्गण्या यांसाठी यशस्वी धावपटूकडे मागणी केली जाते. ज्यांनी वाढवले व शिकवले, त्यांचे ऋण फेडण्याची ही रीत आहे आणि तिने अनेक कुटुंबे वर आणली आहेत. मात्र कमाई थांबली तरी मागण्या लगेच थांबत नाहीत. निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत बचत संपण्याचे हे एक प्रमुख कारण असते.

शासकीय दलांतील नोकरी

केनियाचे सैन्य, पोलीस व तुरुंग विभाग गुणवान धावपटूंना नोकरीत घेतात आणि सरावासाठी सवलत देतात. सेवेतील वर्षे मोजली जात असल्याने धावणे संपल्यावर नियमित काम, बढती व पुढे निवृत्तिवेतन मिळते. टर्गाट हवाई दलात होते. मॅरेथॉनमध्ये दोनदा जगज्जेत्या ठरलेल्या आणि २००४ व २००८ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदके मिळवणाऱ्या कॅथरीन न्देरेबा तुरुंग विभागाच्या सेवेत होत्या. मॅरेथॉनच्या बक्षिसांपुढे या नोकरीचा पगार किरकोळ वाटतो. निवृत्तीनंतर मात्र दरमहा ठरलेल्या दिवशी येणारी तीच एकमेव रक्कम ठरू शकते. परदेशी व्यवस्थापकाच्या शिबिरात राहून, नोकरी न करता धावणाऱ्यांना हा आधार नसतो.

शेती व गुंतवणूक

धावपटूंची पहिली मोठी खरेदी बहुधा जमिनीची असते. मका व गहू पिकवणे, दुधाळ गाई पाळणे आणि चहाचे मळे लावणे ही कामे त्यांना बालपणापासून परिचित असतात. दुधाचे उत्पन्न रोजचे असल्याने वर्षातून दोनदा येणाऱ्या बक्षिसापेक्षा ते घर चालवण्यास अधिक सोयीचे ठरते.

दुसरी गुंतवणूक इमारतींत होते. एल्डोरेट शहराच्या वाढीत धावपटूंच्या पैशाचा मोठा वाटा आहे. तेथील कित्येक व्यापारी इमारती, भाड्याची घरे, उपाहारगृहे, पेट्रोल पंप व शाळा आजी-माजी धावपटूंच्या मालकीच्या आहेत. १९९१ मध्ये १०,००० मीटरचे जगज्जेते ठरलेले आणि १९९६ व १९९८ मध्ये बॉस्टन मॅरेथॉन जिंकणारे मोझेस तनुई यांनी या शहरात व्यवसाय उभारला. पुढे एल्डोरेट सिटी मॅरेथॉनच्या आयोजनात त्यांनी पुढाकार घेतला. परदेशी जाऊन मिळवावे लागणारे बक्षीस स्थानिक धावपटूंना घराजवळ मिळावे, अशी सोय या स्पर्धेमुळे झाली.

गुंतवणुकीत फसवणुकीचा धोका मोठा असतो. धावपटू वर्षातील बराच काळ शिबिरात किंवा परदेशात असतो आणि व्यवहार नातेवाईक, मित्र किंवा मध्यस्थ पाहतात. एकच भूखंड अनेकांना विकला जाणे, कागदपत्रांवर दुसऱ्याचे नाव लागणे, बांधकाम अर्धवट राहणे असे प्रकार निवृत्तीनंतर घरी परतल्यावर उघड होतात. कमी वयात शाळा सोडून धावण्याकडे वळलेल्यांना करारपत्रातील कायदेशीर भाषा समजणे अवघड जाते. त्यामुळे या क्षेत्रातील जाणकार धावपटूंना कारकिर्दीच्या आरंभीच आर्थिक व्यवहारांचे शिक्षण देण्याचा आग्रह धरतात.

महिला धावपटू

महिलांच्या बाबतीत निवृत्तीचा प्रश्न मालमत्तेच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. कालेनजिन समाजात परंपरेने जमिनीचा वारसा मुलग्यांकडे जातो. धावण्यातून मिळालेल्या पैशाने घेतलेली जमीन वा इमारत पतीच्या किंवा पती हाच प्रशिक्षक असल्यास त्याच्या एकट्याच्या नावावर नोंदली गेल्याची उदाहरणे वारंवार पुढे आली आहेत. अशा वेळी विवाह मोडला तर अनेक वर्षांच्या श्रमाचे फळ हातातून जाते. २०१० च्या राज्यघटनेने व २०१३ च्या वैवाहिक मालमत्ता कायद्याने स्त्रियांच्या हक्काला आधार दिला आहे. तथापि, कायद्यातील हक्क आणि गावातील रीत यांत अंतर राहिले आहे.

१३ ऑक्टोबर २०२१ रोजी धावपटू ॲग्नेस तिरोप यांची इतेन येथील राहत्या घरी हत्या झाली. त्या २५ वर्षांच्या होत्या आणि सुमारे महिनाभरापूर्वीच त्यांनी केवळ महिलांच्या १० किलोमीटर रस्ता शर्यतीत ३० मिनिटे १ सेकंद असा विश्वविक्रम केला होता. या घटनेनंतर महिला धावपटूंवरील हिंसा व त्यांच्या कमाईवरील नियंत्रण यांची देशभर चर्चा झाली. सहकारी धावपटूंनी त्यांच्या स्मरणार्थ ‘तिरोप्स एंजल्स’ ही संस्था स्थापन केली. हिंसाग्रस्त महिलांना आधार देणे हे तिचे कार्य आहे.

याउलट, निवृत्तीनंतर इतर मुलींसाठी सुविधा उभारणाऱ्या महिलाही आहेत. पुढे नेदरलँड्सचे नागरिकत्व घेतलेल्या लोर्ना किप्लागट यांनी कारकीर्द चालू असतानाच इतेन येथे उच्च-पठारी सराव केंद्र सुरू केले. सरावानंतर घरकामाचा भार मुलींवरच पडतो व त्यांना विश्रांती मिळत नाही, हा अनुभव या केंद्राच्या स्थापनेमागे होता.

शारीरिक व मानसिक परिणाम

व्यावसायिक मॅरेथॉनपटू आठवड्याला सुमारे २०० किलोमीटर धावतो. असा सराव एकाएकी थांबवल्यास शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता काही आठवड्यांतच घटू लागते. भूक मात्र त्या प्रमाणात लगेच कमी होत नाही व वजन वाढते. अनेक वर्षे तीव्र सहनशक्तीचा सराव केलेल्यांमध्ये उतारवयात हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता तुलनेने अधिक आढळते. अपुऱ्या आहारावर दीर्घकाळ सराव करणाऱ्या महिलांमध्ये हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. गुडघे, घोटे व टाचेच्या शिरा यांच्या जुन्या दुखापती पुढेही त्रास देतात. म्हणून सराव टप्प्याटप्प्याने कमी करावा व हलका व्यायाम कायम ठेवावा, असा सल्ला दिला जातो.

मानसिक बदल अधिक खोल असतात. शिबिरातील दिवस पहाटेच्या धावेने सुरू होतो. स्वयंपाक, साफसफाई, दुपारची विश्रांती व संध्याकाळची धाव हे सारे सामूहिक असते. निवृत्तीबरोबर हे वेळापत्रक, सोबती आणि स्वतःला ओळखण्याची जुनी रीत ही सर्व एकदमच सुटतात. ज्याने पंधरा वर्षे स्वतःचे मूल्य मिनिटे व सेकंद यांत मोजले, त्याला कामाचे मोजमाप नव्याने शोधावे लागते. निराशा व मद्यपान ही या काळातील ज्ञात संकटे आहेत.

निवृत्तीनंतरची कार्यक्षेत्रे

प्रशिक्षण: बार्सिलोना येथील १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीचे रौप्यपदक मिळवणारे पॅट्रिक सांग यांनी अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात शिक्षण घेतले होते. निवृत्तीनंतर ते प्रशिक्षक झाले. एलियुड किपचोगे यांनी किशोरवयात सांग यांच्याकडे सरावाचा आराखडा मागितला आणि पुढे काप्टागट येथील शिबिरात हे गुरुशिष्यांचे नाते दीर्घकाळ टिकले.

अध्यापन व प्रशासन: १९७२ मध्ये ८०० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवणारे माइक बोइट मध्यम पल्ल्याचे धावपटू होते. उच्च शिक्षण पूर्ण करून ते केनियाटा विद्यापीठात क्रीडाशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९८८, १९९१ व १९९२ मध्ये बॉस्टन मॅरेथॉन जिंकणारे इब्राहिम हुसेन यांनी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नैरोबी येथील प्रादेशिक विकास केंद्राचे प्रमुखपद सांभाळले.

राजकारण: २०१२ च्या बॉस्टन मॅरेथॉनचे विजेते वेस्ली कोरिर २०१३ मध्ये चेरांगानी मतदारसंघातून अपक्ष म्हणून संसदेवर निवडून आले. त्यांनी २०१७ पर्यंत खासदार म्हणून काम केले.

उल्लेखनीय व्यक्ती

किपचोगे केनो

किपचोगे केनो (जन्म १९४०) यांनी १९६८ मध्ये १,५०० मीटर आणि १९७२ मध्ये ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. त्यांच्या निवृत्त जीवनातील सर्वांत मोठे काम प्रत्यक्षात धावण्याच्या काळातच सुरू झाले होते. पोलीस सेवेत असताना भेटलेल्या अनाथ मुलांना त्यांनी घरी आणले. त्यांच्या पत्नी फिलिस या परिचारिका होत्या व या कामाचा दैनंदिन भार त्यांनी वाहिला. एल्डोरेटजवळील शेतावर या दांपत्याने वाढवलेल्या मुलांची संख्या शंभराहून अधिक आहे. शेतीतून घराचा मोठा खर्च भागवला जाई. पुढे त्यांच्या नावाने प्राथमिक व माध्यमिक शाळा सुरू झाल्या. केनो हे केनियाच्या ऑलिंपिक समितीचे दीर्घकाळ अध्यक्ष आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य होते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात प्रथमच देण्यात आलेला ‘ऑलिंपिक लॉरेल’ हा सन्मान त्यांना मिळाला.

हेन्री रोनो

हेन्री रोनो (१९५२–२०२४) यांनी १९७८ मध्ये अवघ्या ८१ दिवसांत ५,००० मीटर, ३,००० मीटर अडथळ्यांची शर्यत, १०,००० मीटर व ३,००० मीटर अशा चार प्रकारांत विश्वविक्रम केले. त्या वेळी ते अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाचे विद्यार्थी होते. केनियाने १९७६ व १९८० च्या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकल्यामुळे त्यांना ऑलिंपिकमध्ये धावण्याची संधीच मिळाली नाही. १९८१ मध्ये त्यांनी ५,००० मीटरचा स्वतःचा विश्वविक्रम सुधारला. त्यानंतर मद्याच्या व्यसनामुळे त्यांची कारकीर्द ढासळली, कमाई संपली आणि अमेरिकेत त्यांना काही काळ बेघर राहावे लागले. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क येथे त्यांनी विमानतळावर प्रवाशांचे सामान वाहण्याचे काम केले.

रोनो यांची कथा बहुधा येथेच थांबवली जाते, परंतु त्यांचे जीवन तेथे थांबले नाही. व्यसनातून बाहेर पडून त्यांनी विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचे काम केले, धावपटूंना मार्गदर्शन केले आणि ‘ऑलिंपिक ड्रीम’ हे आत्मकथन लिहिले. अनेक दशके परदेशात काढल्यावर २०१९ मध्ये ते मायदेशी परतले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नैरोबी येथे त्यांचे निधन झाले.

टेग्ला लोरूपे

टेग्ला लोरूपे (जन्म १९७३) या पोकोट समाजातील धावपटू आहेत. १९९४ मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकून मोठी शहरी मॅरेथॉन जिंकणारी पहिली आफ्रिकी महिला हा मान त्यांनी मिळवला. १९९८ मध्ये रॉटरडॅम व १९९९ मध्ये बर्लिन येथे त्यांनी मॅरेथॉनचे विश्वविक्रम केले. वायव्य केनियात गुरांची लूट व चराऊ जमिनी यांवरून पोकोट, तुर्काना व शेजारच्या समाजांत सशस्त्र संघर्ष होत असत. २००३ मध्ये लोरूपे यांनी स्वतःच्या नावाची शांतता संस्था स्थापन केली आणि परस्परविरोधी समाजांतील तरुणांना एकाच शर्यतीत धावण्यास आणणाऱ्या ‘शांतता दौडी’ सुरू केल्या. कापेन्गुरिया येथे संघर्षग्रस्त मुलांसाठी शाळा चालवण्यात आली.

काकुमा येथील निर्वासित छावणीतून निवडलेल्या दक्षिण सुदानी तरुणांना त्यांच्या संस्थेने नैरोबीजवळील नगाँग येथे प्रशिक्षण दिले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्रथमच उतरलेल्या निर्वासितांच्या संघातील दहा खेळाडूंपैकी पाच या गटातील धावपटू होते. लोरूपे त्या संघाच्या प्रमुख होत्या.

पॉल टर्गाट

पॉल टर्गाट (जन्म १९६९) यांचे बालपण बारिंगो या दुष्काळी भागात गेले. शाळेत संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमातून मिळणाऱ्या दुपारच्या जेवणाचा त्यांना आधार होता. विश्वविक्रमवीर झाल्यावर २००४ मध्ये ते याच कार्यक्रमाचे सदिच्छादूत झाले. देशातील गुणवान खेळाडूंना वार्षिक पुरस्कार देण्याची प्रथा त्यांनी सुरू केली. २०१३ मध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर निवड झाली आणि २०१७ मध्ये ते केनियाच्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष झाले.

अप्रसिद्ध धावपटू

वरील सर्व नावे विजेत्यांची आहेत. पठारावरील रस्त्यांवर दररोज पहाटे सराव करणाऱ्यांपैकी बहुसंख्य धावपटू मोठी शर्यत कधीच जिंकत नाहीत. अनेकांना परदेशी जाण्याची संधी एकदाही मिळत नाही. त्यांची निवृत्ती कोठे नोंदली जात नाही. त्यांतील काही जण वडिलोपार्जित शेतीकडे परततात, काही दुकान टाकतात, मोटारसायकलवरून प्रवासी नेतात किंवा सराव केंद्रांत येणाऱ्या परदेशी हौशी धावपटूंना सोबत करतात. काहींना शालेय मुलांचे प्रशिक्षक म्हणून काम मिळते.

धावण्यासाठी शाळा अर्धवट सोडलेल्यांची स्थिती सर्वांत बिकट होते, कारण तिशीनंतर नोकरीसाठी लागणारे प्रमाणपत्र त्यांच्याकडे नसते. या दृष्टीने शिक्षण व सराव एकत्र देणाऱ्या शाळांचे महत्त्व विशेष आहे. इतेन येथील सेंट पॅट्रिक्स हायस्कूल हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. १९७६ मध्ये आयर्लंडहून तेथे शिक्षक म्हणून आलेले ब्रदर कॉम ओ’कॉनेल यांच्या हाताखाली अनेक ऑलिंपिक व जगज्जेते धावपटू तयार झाले. त्याच मैदानावर धावलेले, पण विजेते न झालेले विद्यार्थी शालान्त शिक्षण घेऊन बाहेर पडले. पुढील आयुष्यात ते शिक्षणच त्यांना उपयोगी पडले.